दोन्ही खुणांचं पाकीट

हिंगोली
१४ फेब्रुवारी १९४३

तारीख इंग्रजी घातली आहे. तिथी घातली की तुम्ही नाक मुरडता.

मायना मात्र घालत नाही. नवऱ्याला लिहायचा मायना मला पाठ आहे, पण गेलेल्या माणसाला कुणी पत्रच लिहीत नाही, त्यामुळे त्याचा मायना कुणी शिकवलेला नाही. तुम्ही या दोहोंपैकी कोण, हे आज मला सांगता येत नाही.

परवा दुपारी रूपसिंग टपाल घेऊन आला. एरवी ओसरीपर्यंत येतो, नानांशी दोन शब्द बोलतो, पाणी मागतो. परवा अंगणातच थांबला. पाकीट माझ्या हातात देईना. उंबऱ्यावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरला.

"बाई, असला कागद हातात देत नसतेत," म्हणाला. "वरचा कोपरा बघा."

कोपरा फाटलेला होता. उजवीकडचा, तिरपा. शिक्का कलकत्त्याचा. पत्ता नानांच्या नावाचा, पण टाइपयंत्रावर छापलेला, त्यामुळे अक्षर कुणाचं हे कळायला मार्ग नाही. डिसेंबरात कलकत्त्यावर जपान्यांचे बाँब पडले, हे आमच्या हिंगोलीलाही कळलं आहे. तुमच्या कॉलेजच्या कचेरीतून कुणीतरी वडील म्हणून नानांना असं पाकीट पाठवू शकतं.

पण त्याच पाकिटावर हळद होती. डाव्या बाजूला, बोट टेकवल्यासारखी. फाटका कोपरा म्हणजे कुणीतरी गेलं आणि हळद म्हणजे घरात कार्य. या दोन्ही खुणा एकाच पाकिटावर कोण करतं? रूपसिंगला विचारलं.

"हळदीचं काय सांगू बाई? गाडीत हळदीची पोती, टेसनात हळदीची पोती. माझी थैली बघा, धोतर बघा. अन् कोपरा थैलीत फाटला का कुणी फाडला, ते म्या कसं सांगावं?"

म्हणजे दोन्ही खुणा खऱ्या, दोन्ही खोट्या, किंवा एक खरी आणि एक खोटी. तुम्ही असता तर खूश होऊन पाटी मागितली असती आणि जेवण गार केलं असतं.

पाकीट मी उघडलेलं नाही. नानांना सांगितलेलंही नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, घरात येणारा प्रत्येक कागद मीच वाचून दाखवते, तेव्हा लपवायला कष्ट पडत नाहीत. आधी पिठाच्या डब्यात ठेवलं. मग वाटलं, असला कागद पिठात नको. देवांमागे ठेवलं, तिथे तर मुळीच नको. आता ते तुमच्या जुन्या वहीत आहे.

आज सकाळी कुंकू लावताना हात अडला. पण लावलं.

१९ फेब्रुवारी

चौदा तारखेचं पत्र टाकलं नाही. टाकू कुठे? तुम्ही नसलात तर घेणार कोण, आणि असलात तरी माझी पत्रं तुम्ही उघडत नाही. गेल्या वर्षी तुमच्या खोलीवर राहून आलेल्या परभणीच्या वकिलांनी सांगितलं होतं. म्हणाले, "वहिनी, तुमची पत्रं खिडकीत गठ्ठा करून ठेवलीत, दोऱ्यानं बांधून." दोऱ्याने बांधून! त्या माणसाला वाटलं मला बरं वाटेल.

तरी लिहिते. हात स्वस्थ बसत नाहीत. आज दोनदा अंगण झाडलं, तांदूळ निवडलेले पुन्हा निवडले.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षीची उन्हाळ्याची सुटी आठवते का? तुम्ही हैदराबादेहून आला होता. कवड्या मांडून मला इंग्रजी अक्षरं शिकवायचा, आणि माझा 'आर' कायम उलट्या तोंडाचा पडायचा. एका दुपारी त्यातलीच एक कवडी तुम्ही मुठीत धरलीत. म्हणालात, "उपडी का उताणी?" मी म्हटलं उपडी. मूठ उघडलीत, उताणी निघाली. मग विचारलंत, "मूठ उघडण्याआधी कशी होती?" मी म्हटलं, "हा काय प्रश्न झाला? उताणीच होती. मला माहीत नव्हतं, एवढंच."

"बरोबर," तुम्ही म्हणालात. "कवडीचं तसंच. इलेक्ट्रॉनचं तसं नाही."

आणि मग तासभर बोललात. तो इवलासा कण कुणी पाहत नसताना एका जागी नसतोच, सगळ्या शक्यतांची मिळून एक लाट असते. त्याच्यासमोर दोन फटी ठेवल्या तर लाट दोन्हींतून जाते आणि पलीकडच्या पडद्यावर हळूहळू पट्टे उमटतात. पण नेमका कोणत्या फटीतून गेला हे पाहायची सोय केली, की पट्टे गायब, आणि प्रत्येक कण एकाच फटीतून गेलेला सापडतो. पाहिलं की लाट मोडते. "आपल्याला माहीत नसतं असं नव्हे," तुम्ही म्हणालात, "पाहीपर्यंत ते ठरलेलंच नसतं."

मी विचारलं, "पाहतं कोण?" तुम्ही म्हणालात, यंत्र. "यंत्र कशाचं? तसल्याच कणांचं ना? मग त्याचीही लाट व्हायला हवी. यंत्राकडे कोण पाहतं?" माणूस. "आणि माणसाकडे?"

मला वाटलं तुम्ही चिडलात. मग म्हणालात, "समीकरणात लाट आहे, तिचं पुढे सरकणं आहे. मोडणं कुठेच लिहिलेलं नाही. ती कुठे मोडते, कुणामुळे मोडते, हे आज जगात कुणालाच धड सांगता येत नाही, आणि तू पोळ्या लाटता लाटता तिथेच बोट ठेवलंस." त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की सांगायची सोय नाही. माझं लग्न खरं त्या दुपारी लागलं.

पुढे कलकत्त्याहून एकदा तुम्ही लिहिलं होतंत, युरोपातल्या कुणा पंडिताने मनातल्या मनात एक मांजर पेटीत कोंडलंय, आणि पेटी उघडीपर्यंत ते मेलेलंही आणि जिवंतही. तेव्हा मला मांजराची दया आली होती. पेटीबाहेर बसलेल्याची कुणालाच येत नाही.

माझं पाकीट तसंच आहे. उघडत नाही तोवर तुम्ही दोन्ही आहात.

२७ फेब्रुवारी

आज नानांनी विचारलं, "राधाकिसनचं काही पत्रबित्र?" मी म्हटलं, नाही. त्यांचा चेहरा पाहवेना. सहा वर्षं मुलाचा आवाज नाही आणि आता डोळ्यांनाही काही नाही. मुलगा म्हणून त्यांच्याकडे उरलंय काय, तर माझं वाचून दाखवणं, आणि मी त्यातही लबाडी करतेय.

लबाडीवरून आठवलं, एक कबूल करायचंय. ती दिवाळी. तुम्ही दोन वर्षांनी चार दिवसांसाठी आलात आणि चारही दिवस कागदांत डोकं खुपसून बसलात. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तुमच्या आंघोळीचं पाणी तापवलं आणि बंबात तुमचे कागद घातले. यंत्राकडे कोण पाहतं, त्याच प्रश्नावरची दोन वर्षांची आकडेमोड. मी रडत म्हटलं, "रद्दी वाटली हो, चुकून झालं." तुम्ही अंगाला तेल तसंच, आंघोळ न करता स्टेशनात गेलात, आणि त्यानंतर आला नाहीत.

ते चुकून झालं नव्हतं. मी पानं वाचून घातली. पहिल्याच पानावर तुम्ही माझा प्रश्न लिहिला होता, माझ्याच शब्दांत, आणि वर लिहिलं होतं, 'एका मित्राचा प्रश्न'. मित्राचा! बायको म्हणायला लाज वाटली तुम्हाला. म्हणून जाळलं. पाणी छान तापलं होतं.

दुसरंही सांगून टाकते. कार्तिकात तुम्हाला एक पाकीट आलं असेल, पत्ता नानांच्या हातचा. ते माझं होतं. माझं अक्षर दिसलं की तुम्ही दोऱ्यात बांधणार, म्हणून मी नानांकडून पत्ता लिहवून घेतला. जन्मभर कचेरीत लिहिलेला हात, डोळ्यांनी दिसलं नाही तरी अक्षर वाकलं, पण पडलं नाही. नानांना म्हटलं, दिवाळीचा नमस्कार आहे. आत काय होतं ते तुम्हाला ठाऊक असेलच, उघडलं असेल तर.

४ मार्च

आज सकाळपासून उगाच जीव घाबरा होतोय. कारण काही नाही. उजवा डोळा लवतोय, तेवढं मी मानत नाही, पण लवतोय.

दुपारी शेजारच्या गंगूताई आल्या. रूपसिंगाने त्यांच्या कानावर घातलेलं दिसतं. मी वही काढून पाकीट दाखवलं. त्यांनी हात लावला नाही. मला वाटलं, म्हणतील उघड, एकदाचं कळू दे. त्यांनी उलटंच सांगितलं.

"काहून उघडतीस गं? पडू दे तसंच."

मी म्हटलं, "पण आत जे आहे ते आहेच ना?"

"असू दे. त्यांचं काय व्हायचं ते होऊन गेलं. तुझं न्हाई झालं अजून." मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "माझी तार मीच फोडली व्हती. एकोणीस वर्षांची. सकाळी तार आली, तोवर मी सवाशीण. तार वाचली अन् सांजच्याला न्हावी दारात. ते तर चार दिवस आधीच वारले व्हते, पुण्याला. ते चार दिवस मी बांगड्या घालूनच व्हते ना? कुणी काही म्हणलं का? मी तार चुलीत घातली असती तर..." विधवेला जाताना मी कुंकू लावू शकत नाही, म्हणून त्या नुसती मान हलवून निघाल्या.

पाहा, तुमच्या सगळ्या पुस्तकांत जे नाही ते गंगूताईंनी सांगितलं. माणूस मरतो तेव्हा बाई विधवा होत नाही. कुणीतरी वाचतं तेव्हा होते. मी ठरवलं, उघडायचं नाही. आज मुद्दाम हिरव्या बांगड्या भरल्या आणि कपाळभर कुंकू लावलं.

पण जाता जाता गंगूताई उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "फाटला असंल थैलीत. जित्या माणसासाठी कुणी कोपरा फाडतं का?"

फाडतं. मी फाडला होता.

कार्तिकातल्या त्या पाकिटाचा कोपरा. नानांनी पत्ता लिहून दिल्यावर, त्यांना कळू न देता. नानांच्या हातचं पाकीटही तुम्ही बाजूला टाकलंत तर? पण फाटका कोपरा असलेला कागद कुणी बाजूला टाकत नाही, उभ्या उभ्या फोडतं, असा माझा हिशेब. आत एवढंच लिहिलं होतं: 'मी कागद मुद्दाम जाळले. रागवा, पण एकदा येऊन रागवा.' चांगली लबाडी जमली म्हणून मी दिवसभर स्वतःवर खूश होते.

१० मार्च

आज उघडलं.

नानांना कळलं होतं. सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "अनुसूये, रूपसिंगानं सांगितलं मला. महिना होत आला म्हणे. आण तो कागद."

मी पुष्कळ बोलले. तुमची कवडी सांगितली, लाट सांगितली, उघडलं नाही तोवर काही ठरलेलं नसतं असं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाय पुढे केला.

"हा अंगठा बघ. सोमवारी पाट्याला ठेचकाळलो. तू पाटा अंगणात आणून ठेवला व्हता, मला ठावं न्हाई. मी पाह्यलं न्हाई म्हणून पाटा तिथं नव्हता का? बराबर लागला ना?" मग म्हणाले, "मला तर काहीच दिसत न्हाई. म्हणून जग माझ्यासाठी थांबून राहिलंय व्हय? वाच, लेकरा. त्याचं काही झालं असंल तर मला रडू तरी दे."

ते शेवटचं वाक्य ऐकल्यावर माझं सगळं शास्त्र संपलं. मी वही आणली आणि पाकीट फाडलं.

अक्षर तुमचं होतं.

मी इतक्या मोठ्याने ओरडले की गंगूताई कुंपणापाशी आल्या. नाना म्हणाले, "आहे का? आहे का राधाकिसन?" मी म्हटलं, आहे. ते हसायला लागले आणि डोळे पुसायला लागले. "वाच, पुढं वाच."

तेव्हा मी पुढे वाचलं. नानांना वाचून दाखवायची सवय, म्हणून मोठ्याने, माझ्याच आवाजात:

'ती. नानांस सा. न. वि. वि. आपल्या हातचा पत्ता आणि फाटका कोपरा पाहिला. पाकीट उघडायचं धैर्य झालं नाही. तीन महिने ते माझ्या टेबलावर तसंच आहे. पण उघडायची गरजही नव्हती. घरात माणसं दोनच. पत्ता आपण लिहिलात, त्याअर्थी गेली ती कोण हे उघड आहे. मी येथेच स्नान केलं. तिची पत्रं मी कधी उघडली नाहीत, याचं आता काय वाटतं ते आपणांस लिहू शकत नाही.

'येथील माझ्या वरिष्ठांची भाची बालविधवा आहे, शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपासून ते मला विचारत होते. पहिली हयात असताना दुसरी करायची नाही, हे मी स्वतःशी ठरवलं होतं, म्हणून नाही म्हणत आलो. आता नाही म्हणायला कारण उरलं नाही. विवाह ४ मार्चला आहे. कोपरा तिच्यासाठी फाडला आहे आणि हळद आपल्या आशीर्वादासाठी लावली आहे. हात चालेना म्हणून पत्ता यंत्रावर छापला. आपलं काही म्हणणं असल्यास त्याआधी तार करावी. तार आली तर मी थांबेन.'

वाचून झालं. नानांनी हवेत हात पुढे केला, माझं मनगट शोधलं आणि बांगड्यांवरून हात फिरवत राहिले.

११ मार्च

राधाकृष्ण,

नावाने हाक मारली. लग्नाला चौदा वर्षं झाली, आज पहिल्यांदा. मेलेल्या बाईला कसली आलीय आडकाठी?

सकाळपासून तीनदा तारघरापर्यंत जाऊन परत आले. काय लिहू तारेत? मुदत तर गेली. तिकडे त्या बाईच्या हातावर अजून हळद असेल. एकदा सगळं भोगून बसलेली पोर, तिचा काय दोष? एकदा वाटलं, मेलेलीच राहावं. नानांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "राह्य मेलेली. पण मग मला सकाळी चहा कुणी करून दिला, तेवढं सांग."

तुम्ही लिहिलंय, उघडायचं धैर्य झालं नाही. मलाही झालं नाही. फरक एवढाच की मी माझ्या भित्रेपणाला सव्वीस दिवस तुमच्या शास्त्राचं नाव दिलं. ती लाटबीट काही नव्हती, मुठीतली कवडी होती. शाई वाळून गेलेली होती. मी पाहो न पाहो, पत्रात जे होतं ते होतं.

पण लग्न झालेलं नव्हतं. बारा फेब्रुवारी ते चार मार्च, वीस दिवस, ते खरोखरच ठरलेलं नव्हतं, आणि ते माझ्या पाहण्यावर टांगलेलं होतं. मी पाकीट फोडलं असतं, तर तार गेली असती आणि तुम्ही थांबला असता. ते वीस दिवस मी पाकीट पिठात ठेवलं, देवामागे ठेवलं, वहीत ठेवलं. चार तारखेला मी इथे हिरव्या बांगड्या भरून, कपाळभर कुंकू लावून तुमची बायको होऊन बसले होते. त्याच दिवशी तुम्ही तिकडे बोहल्यावर होता. मला फार राग येतोय, आणि कुणावर काढावा हे कळत नाही. तुमच्यावर काढावा तर मीही तेच केलं. माझा प्रश्न तुम्ही त्या कागदांत लिहिलात, मित्राचा म्हणून. आज तो मित्र व्हायचीही माझी तयारी आहे, म्हणजे बघा.

मी तुम्हाला परत बोलावत नाही. तिला टाका असंही म्हणत नाही, टाकलंत तर मी तोंड पाहणार नाही. पण तुमच्या टेबलावर मी मेलेली आहे आणि इथे अंगण झाडतेय, हे दोन्ही मी चालू देणार नाही. एवढ्यासाठी हे पाठवतेय.

ही सहाही पत्रं एका पाकिटात घातली आहेत. चारही कोपरे शाबूत आहेत. हात साबणाने दोनदा धुतले, हळदीचा डाग पडू दिलेला नाही. रूपसिंग अंगणात उभा आहे. त्याने आधी पाकीट उलटंसुलटं करून कोपरे पाहिले आणि मगच हात पुढे केला, म्हणून हे चार शब्द घाईत लिहून पाकीट चिकटवते.

पत्ता मी लिहिलाय. इंग्रजीत, तुम्ही कवड्या मांडून शिकवलेल्या अक्षरांत. 'आर' उलट्या तोंडाचाच पडलाय.

माझ्या हातचं पाकीट तुम्ही उघडत नाही, ते मला ठाऊक आहे. नका उघडू. वरचा पत्ता तेवढा पाहा.

अनुसूया